घरून होणारे काम आणि कंपनीची व्यवस्था : काही प्रयोग, काही धडे

प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि अवघ्या काही दिवसांत असंख्य कर्मचाऱ्यांचे कार्यालय त्यांच्या घरात आले. त्यापूर्वी 'घरून काम' ही काही निवडक कंपन्यांतील सवलत मानली जात असे. टाळेबंदीने तिला सक्तीचे स्वरूप दिले. टाळेबंदी उठल्यानंतर मात्र कंपन्यांचे मार्ग वेगळे झाले. काहींनी कर्मचाऱ्यांना पूर्णपणे परत बोलावले, काहींनी आठवड्यातील दोन-तीन दिवसांची मुभा ठेवली, तर काहींनी कार्यालयाची जागाच कमी केली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने एप्रिल २०२० मध्ये असे जाहीर केले होते की, २०२५ पर्यंत आपले केवळ २५ टक्के कर्मचारी एका वेळी कार्यालयात असतील. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्याची अपेक्षा ठेवली. एवढ्या मोठ्या आणि अनुभवी कंपनीला साडेतीन वर्षांत दिशा बदलावी लागते, यावरून हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही हे स्पष्ट होते.

निपाणी, बेळगाव, गुलबर्गा यांसारख्या शहरांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. पदवी किंवा पदविका घेतल्यानंतर पुणे, बेंगळुरू अथवा हैदराबाद गाठणे प्रत्येकाला, विशेषतः मुलींना, शक्य होत नाही. काम घरापर्यंत येत असेल तर ही अडचण दूर होऊ शकते. परंतु काम घरापर्यंत आणताना कंपनी स्वतःमध्ये कोणते बदल करते, यावरच ते काम नोकरी राहते की केवळ उक्ते काम होऊन बसते हे ठरते. प्रस्तुत लेखात काही प्रत्यक्ष प्रयोगांच्या आधारे या बदलांचे स्वरूप समजावून देण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पनांचा उलगडा

या विषयावरील चर्चेत तीन कल्पना अनेकदा एकत्र मिसळल्या जातात. त्या वेगळ्या करून पाहणे आवश्यक आहे.

पहिली कल्पना लवचीक वेळेची. काम कार्यालयातच होते, परंतु येण्याजाण्याची वेळ कर्मचारी ठरवतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पश्चिम जर्मनीत म्युनिकजवळच्या एका विमान कंपनीने ही पद्धत सुरू केली. सर्व कामगार एकाच वेळी येत असल्यामुळे रस्त्यावर आणि फाटकावर होणारी गर्दी हे त्यामागील साधे कारण होते. दिवसातील काही तास सर्वांनी हजर राहायचे आणि उरलेले तास आपापल्या सोयीने भरून काढायचे, असा नियम त्यातून पुढे रूढ झाला.

दुसरी कल्पना विखुरलेल्या कामाची. येथे वेळेपेक्षा जागा बदलते. कर्मचारी घरून, गावातील एखाद्या लहान केंद्रातून किंवा दुसऱ्या शहरातून काम करतो. अमेरिकन अभियंते जॅक नाइल्स यांनी १९७३ मध्ये 'टेलिकम्युटिंग' हा शब्द रूढ केला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना त्यांनी एका विमा कंपनीबरोबर प्रयोग केला. त्यात कर्मचाऱ्यांना शहराच्या मध्यभागी रोज येण्याऐवजी घराजवळच्या उपकार्यालयात बसविण्यात आले. त्याच वर्षी तेलाचे संकट उभे राहिल्याने रोजच्या प्रवासाचा खर्च हा चर्चेचा विषय झाला होता.

तिसरी कल्पना मिश्र पद्धतीची. तिला आज सर्रास 'हायब्रिड' म्हटले जाते. काही दिवस कार्यालय आणि काही दिवस घर अशी ही विभागणी असते.

कंपनीच्या दृष्टीने या तिन्हींतील अडचणी सारख्या नाहीत. वेळ लवचीक केली तर पर्यवेक्षकाला हजेरीची नोंद वेगळी ठेवावी लागते, एवढेच. जागा विखुरली की कामाचे मोजमाप, माहितीची देवाणघेवाण, खर्चाची वाटणी आणि बढतीचे निकष हे सर्वच पुन्हा ठरवावे लागतात.

इंटरनेटपूर्वीची एक विखुरलेली कंपनी

घरून काम ही संगणकाच्या जाळ्याने दिलेली देणगी आहे असा समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली यांनी १९६२ मध्ये केवळ सहा पौंडांच्या भांडवलावर 'फ्रीलान्स प्रोग्रामर्स' ही कंपनी सुरू केली. शर्ली या मूळच्या जर्मनीतील ज्यू कुटुंबातल्या. वयाच्या पाचव्या वर्षी, १९३९ मध्ये, निर्वासित बालक म्हणून त्या इंग्लंडला आल्या होत्या. लग्न झाल्यामुळे किंवा मूल होणार असल्यामुळे नोकरी सोडलेल्या प्रशिक्षित स्त्रियांना त्यांनी घरून काम दिले. पहिल्या सुमारे तीनशे कर्मचाऱ्यांपैकी २९७ स्त्रिया होत्या. स्त्रीच्या सहीच्या पत्रांना उत्तरे येत नाहीत हे लक्षात आल्यावर शर्ली 'स्टीव्ह' या नावाने सही करू लागल्या, ही गोष्ट पुढे प्रसिद्ध झाली. कॉन्कॉर्ड या स्वनातीत विमानाच्या उड्डाण-नोंदणी यंत्राचे प्रोग्रामिंग याच स्त्रियांनी आपापल्या घरी बसून केले.

त्या काळी घरात संगणक असणे शक्यच नव्हते. कामाचे टप्पे कागदावर पेन्सिलीने आखले जात. त्यावरून प्रोग्राम लिहून तो टपालाने संगणक केंद्राकडे पाठवला जाई. तेथे तो कागदी फितीवर किंवा कार्डावर छिद्रांच्या रूपात उतरवला जाई आणि पडताळणीसाठी तेच काम दुसऱ्यांदा केले जाई. घरी टेलिफोन असणे ही कर्मचाऱ्याकडून असलेली मुख्य अपेक्षा होती.

ही व्यवस्था टिकली याची दोन कारणे सांगता येतात. एक म्हणजे प्रत्येक काम लेखी स्वरूपात इतके स्पष्ट केलेले असे की दुसरी व्यक्ती ते तपासू शकत होती. दुसरे म्हणजे ग्राहकाकडून तासांवर नव्हे, तर पूर्ण झालेल्या कामाची ठरलेली किंमत घेतली जाई. त्यामुळे कोण किती वाजता टेबलाशी बसले हा प्रश्न ना ग्राहकाला पडत होता, ना कंपनीला. पुढे शर्ली यांनी कंपनीच्या मालकीचा मोठा वाटा कर्मचाऱ्यांना दिला. घरून काम करणाऱ्या व्यक्तीलाही कंपनीच्या वाढीत भाग मिळाला ही त्यातील विशेष बाब होय.

शांघायचा प्रयोग

शर्लींची कंपनी पहिल्या दिवसापासून विखुरलेली होती. चालू असलेल्या कंपनीने ही पद्धत स्वीकारली तर काय होते, याचे काळजीपूर्वक केलेले मोजमाप चीनमधील सी-ट्रिप या प्रवास-आरक्षण कंपनीत झाले. शांघायमध्ये कार्यालयांची भाडी वाढत होती आणि कॉल सेंटरमधील नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाणही मोठे होते. कर्मचाऱ्यांना घरी पाठवावे काय, असा विचार व्यवस्थापनापुढे होता. कंपनीचे सहसंस्थापक जेम्स लियांग हे स्वतः अर्थशास्त्राचे संशोधक होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील निकोलस ब्लूम व जॉन रॉबर्ट्स आणि जेनी यिंग यांच्यासह त्यांनी या प्रश्नाचे रूपांतर शास्त्रीय प्रयोगात केले. डिसेंबर २०१० पासून नऊ महिने हा प्रयोग चालला व त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रयोगाची आखणी वर्गात शिकविण्याजोगी आहे. संबंधित विभागांतील ९९४ कर्मचाऱ्यांना विचारण्यात आले. त्यांपैकी ५०३ जणांनी तयारी दाखविली. त्यांतून पात्रतेच्या तीन अटी पूर्ण करणारे २४९ उरले : किमान सहा महिन्यांची नोकरी, घरी ब्रॉडबँड जोडणी आणि काम करण्यासाठी घरात स्वतंत्र जागा. ज्यांच्या जन्मतारखेचा आकडा सम होता त्यांना आठवड्यातील चार पाळ्या घरून व एक कार्यालयातून करण्यास सांगितले गेले. विषम तारखेचे कर्मचारी पूर्वीप्रमाणे कार्यालयातच राहिले. अशा रीतीने कोणाच्याही पसंती-नापसंतीचा परिणाम निष्कर्षांवर होणार नाही याची काळजी घेतली गेली.

घरून काम करणाऱ्या गटाची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. त्यातील सुमारे ९ टक्के वाढ प्रत्यक्ष कामाची मिनिटे वाढल्यामुळे झाली, कारण मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या. उरलेली सुमारे ४ टक्के वाढ दर मिनिटाला होणाऱ्या कामातील होती. तिचा संबंध घरातील शांततेशी जोडण्यात आला. नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्याने घटले. दर कर्मचाऱ्यामागे कंपनीची वर्षाला सुमारे २००० डॉलरची बचत होईल असा अंदाज निघाला.

एवढ्यावरच थांबल्यास हा निष्कर्ष घरून कामाच्या बाजूने एकतर्फी वाटेल. परंतु त्याच अभ्यासात दोन गोष्टी आणखी आढळल्या. सारखीच कामगिरी असलेल्या दोघांची तुलना करता, घरून काम करणाऱ्याला बढती मिळण्याची शक्यता कमी होती. तसेच प्रयोग संपल्यावर कंपनीने निवडीची मोकळीक दिली, तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे कार्यालयात परतले. एकाकीपणा हे त्यांनी सांगितलेले एक प्रमुख कारण होते.

पात्रतेची तिसरी अट येथे विसरता कामा नये. घरात स्वतंत्र जागा असणाऱ्यांचीच निवड झाली होती. भारताच्या २०११ च्या जनगणनेनुसार ३७.१ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. ज्या घरात आजीची औषधे, धाकट्या भावाचा अभ्यास आणि स्वयंपाक हे सर्व एकाच खोलीत चालते, त्या घराला शांघायचा १३ टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही.

दोन दिवस घर, तीन दिवस कार्यालय

याच कंपनीने, आता ट्रिप डॉट कॉम या नावाने, २०२१-२२ मध्ये दुसरा प्रयोग केला. यावेळी कॉल सेंटर नव्हे, तर अभियंते, विपणन व वित्त विभागांतील १६१२ पदवीधर कर्मचारी निवडण्यात आले. पुन्हा जन्मतारखेच्या आधारे दोन गट पाडले गेले. एका गटाला बुधवार आणि शुक्रवार घरून काम करण्याची मुभा होती, दुसरा गट पाचही दिवस कार्यालयात होता. सहा महिन्यांच्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आले.

नोकरी सोडण्याचे प्रमाण ७.२ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आले, म्हणजे एक तृतीयांशाने घटले. ही घट विशेषतः स्त्रिया, दूरवरून येणारे आणि व्यवस्थापकीय पद नसलेले कर्मचारी यांच्यात दिसून आली. पुढील दोन वर्षांच्या मूल्यमापनात आणि बढत्यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. प्रयोगापूर्वी व्यवस्थापकांचा सरासरी अंदाज असा होता की, या पद्धतीने उत्पादकता २.६ टक्क्यांनी घटेल. प्रयोगानंतर त्यांचेच मत बदलून ते सरासरी १ टक्का वाढीकडे झुकले.

पहिल्या प्रयोगात बढतीत मागे पडलेला कर्मचारी दुसऱ्या प्रयोगात मागे का पडला नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवावा. दोन्ही ठिकाणचे काम आणि कर्मचारी वेगळे असल्याने एकच कारण ठामपणे सांगता येणार नाही. तरीही दोन फरक डोळ्यांत भरतात. दुसऱ्या प्रयोगात तीन दिवस सर्वजण एकत्र येत होते आणि घरचे वार सर्वांसाठी ठरलेले होते. शिवाय या विभागांत ठराविक काळाने औपचारिक मूल्यमापन होण्याची पद्धत होती. जो दिसतो त्याचीच आठवण राहते, या मानवी स्वभावाला अशा मूल्यमापनाने काही प्रमाणात आळा बसतो.

कंपनीने बदलायच्या चार गोष्टी

वरील उदाहरणांवरून आणि २०२० नंतरच्या अनुभवावरून कंपनीला चार बाबतींत व्यवस्था बदलावी लागते असे दिसून येते.

१) मोजमाप : हजेरी हे कामाचे सर्वांत सोपे आणि सर्वांत फसवे माप होय. काम विखुरल्यानंतर काही कंपन्यांनी हजेरीचीच नवी रूपे शोधली : संगणकावर बोटे किती वेळा चालली याची नोंद, दर काही मिनिटांनी पडद्याचे छायाचित्र, सतत चालू ठेवलेला कॅमेरा. याला मोजमाप म्हणता येणार नाही, ही पाळत आहे. योग्य मार्ग म्हणजे आठवड्याचे काम, त्याचा दर्जा आणि मुदत आधी लेखी ठरविणे व नंतर त्यावरच मूल्यमापन करणे. कॉल सेंटरमध्ये हे सोपे आहे, कारण कॉल मोजता येतात. संशोधन, रचना, अध्यापन अशा कामांत ते कठीण आहे. म्हणूनच तेथे पर्यवेक्षकाचे प्रशिक्षण अधिक महत्त्वाचे ठरते.

२) माहिती : कार्यालयात बरीच माहिती चहाच्या टेबलावर, जिन्यात, शेजारच्या खुर्चीवरून मिळते. काम विखुरले की ही वाट बंद होते. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहामाहीतील संपर्कांचा अभ्यास झाला आहे. त्यात असे आढळले की, सर्वजण घरी गेल्यावर लोकांचा संपर्क आपल्याच गटापुरता मर्यादित होऊ लागला आणि वेगवेगळ्या गटांना जोडणारे दुवे क्षीण झाले. याचा फटका नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्याला सर्वाधिक बसण्याचा संभव असतो, कारण कोणाला काय विचारायचे हेच त्याला ठाऊक नसते. निर्णय, त्यांची कारणे आणि कामाच्या पद्धती लिहून सर्वांना पाहता येतील अशा ठिकाणी ठेवणे, तसेच नव्या कर्मचाऱ्याला पहिले काही महिने अनुभवी सहकाऱ्याबरोबर प्रत्यक्ष बसविणे, हे यावरील उपाय होत.

३) खर्च आणि वेळ : कर्मचारी घरी गेला की कार्यालयाचे भाडे, वीज, पंखे, चहा यांवरील खर्च वाचतो. त्यातील काही खर्च नाहीसा होत नाही, तो घराच्या बिलात जाऊन बसतो. केवळ उदाहरणासाठी काही आकडे गृहीत धरू. दरमहा १८,००० रुपये पगार असलेल्या कर्मचाऱ्याला इंटरनेटसाठी ७००, वाढीव विजेसाठी ५०० आणि हेडफोन, खुर्ची इत्यादींच्या झिजेपोटी २०० रुपये लागत असतील, तर त्याच्यावर १,४०० रुपयांचा, म्हणजे पगाराच्या जवळजवळ ८ टक्क्यांचा बोजा पडतो. त्याचा प्रवासखर्च १,२०० रुपयांनी वाचला तरी तो दरमहा २०० रुपयांनी तोट्यातच राहतो. कंपनी मात्र दोन्हीकडून फायद्यात राहते. असा ताळेबंद वर्गात मांडला तर विद्यार्थ्यांना प्रश्नाचे स्वरूप चटकन उमगते.

वेळेचेही असेच आहे. कार्यालय सुटते, घर सुटत नाही. या संदर्भात काही देशांनी कायदे केले आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांनी कामाच्या वेळेबाहेर संपर्क टाळण्याच्या हक्काबाबत कर्मचारी प्रतिनिधींशी वाटाघाटी करणे अपेक्षित आहे. पोर्तुगालमध्ये २०२२ च्या आरंभी अमलात आलेल्या कायद्याने विश्रांतीच्या वेळेत कर्मचाऱ्याशी संपर्क न साधण्याचे बंधन मालकावर घातले आणि घरून कामामुळे वाढलेला वीज-इंटरनेटचा खर्च भरून देण्याची जबाबदारीही त्याच्यावर टाकली.

४) प्रगती : प्रशिक्षण, बढती आणि नव्या जबाबदाऱ्या यांची माहिती सर्वांना एकाच वेळी आणि लेखी मिळाली पाहिजे. घरून काम करणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असेल आणि बढत्या मात्र कार्यालयात दिसणाऱ्यांनाच मिळत असतील, तर सवलत म्हणून दिलेली गोष्ट काही वर्षांत स्त्रियांना खालच्या पदांवर अडकवून ठेवते. दरवर्षी दोन्ही प्रकारच्या कर्मचाऱ्यांच्या बढत्यांची तुलना करणे हा साधा उपाय कोणत्याही कंपनीला शक्य आहे.

जुना घरखाता आणि न्यायालयांचे निर्णय

भारताला विखुरलेले काम नवे नाही. निपाणी आणि सोलापूर येथील विडी उद्योगात पाने व तंबाखू घरी नेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या पिढ्या होऊन गेल्या. या कामाला घरखाता म्हणतात. शिंप्यांचे उक्ते काम, जरीकाम, शिवण-टिपणही असेच चालत आले. घरातील वर्दळ सांभाळून, मुलांना जवळ ठेवून काम करता येते हे या कामाचे आकर्षण होते, आजही आहे. परंतु वळलेल्या विड्या घेऊन जावे, ठेकेदाराने त्यातील काही 'छाट' म्हणून बाजूला काढाव्यात आणि त्यांची मजुरी बुडावी, हा अनुभवही त्याच कामाचा भाग होता. मालक म्हणे, या स्त्रिया आमच्या कामगार नाहीत, कारण आम्ही त्यांच्यावर देखरेख ठेवत नाही.

या युक्तिवादाला कायद्याने आणि न्यायालयांनी दिलेली उत्तरे आजच्या कंपन्यांसाठीही उद्बोधक आहेत. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांचा समावेश कामगारांच्या व्याख्येत केला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये तो वैध ठरविला. सिकंदराबाद येथील सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्याचा निकाल १९७३ मध्ये लागला. त्यातील शिंपी नगावर मजुरी घेत, त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा ठरलेल्या नव्हत्या आणि कधीकधी ते कापड घरीही नेत. तरीही शिलाई यंत्रे दुकानाची होती आणि सदोष काम नाकारण्याचा अधिकार दुकानदाराला होता, म्हणून ते नोकरच ठरले. पुढे १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्स या विडी उत्पादकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घरी विड्या वळणाऱ्यांना भविष्य निर्वाह निधीचा लाभ मान्य केला. मालाचा दर्जा तपासून तो नाकारण्याचा हक्क हेच पुरेसे नियंत्रण होय, असे त्यात मानले गेले.

या निर्णयांतील तत्त्व असे की, कामाची जागा किंवा वेळ बदलल्याने मालक आणि कामगार यांचे नाते आपोआप तुटत नाही. काम कोणासाठी होते, ते स्वीकारण्याचा वा नाकारण्याचा अधिकार कोणाला आहे, हे पाहावे लागते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये गृहकामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार संमत करून घरी काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी असे म्हटले. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही. मात्र २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी राहून मालकासाठी वस्तू वा सेवा निर्माण करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. साधने मालकाने दिली असोत वा नसोत, ही व्याख्या लागू होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या असून १९६६ चा विडी कामगार कायदा त्यांत विलीन झाला आहे.

कॉल सेंटरसारख्या व्यवसायांपुढे २०२० पूर्वी आणखी एक अडथळा होता. दूरसंचार विभागाच्या नियमांमुळे घरून काम देण्यासाठी परवानगी आणि सुरक्षा ठेव लागत असे. टाळेबंदीच्या तोंडावर या अटी शिथिल झाल्या आणि नोव्हेंबर २०२० व जून २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी त्या कायमच्या सोप्या केल्या. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजेनंतर, कामाचे स्वरूप तसे असल्यास, परस्पर संमतीने घरून काम करण्याची वाट खुली केली होती. ती तरतूद नव्या संहितेतही कायम आहे. थोडक्यात, कायद्याची दारे बऱ्याच अंशी उघडली आहेत. कंपनीच्या अंतर्गत व्यवस्थेचे काम अद्याप शिल्लक आहे.

अध्यापकांसाठी काही सूचना

कम्युनिटी कॉलेजमधील अभ्यासक्रम अल्पमुदतीचे आणि रोजगाराभिमुख असतात. त्यामुळे या विषयाचा समावेश प्रात्यक्षिकांच्या रूपाने करता येईल.

पहिले, लेखी कामाचा सराव. विद्यार्थ्याने एखादे अपूर्ण काम दुसऱ्याच्या हाती सोपवताना एक पानाची टिपणी लिहावी आणि दुसऱ्याने काहीही न विचारता केवळ त्या टिपणीवरून ते पूर्ण करून दाखवावे. कोठे अडले, त्याची चर्चा वर्गात व्हावी. विखुरलेल्या कामातील हे मूलभूत कौशल्य आहे आणि ते मराठी, उर्दू किंवा इंग्रजी अशा कोणत्याही भाषेत शिकविता येते.

दुसरे, नेमणूकपत्राचे वाचन. घरून कामाचा प्रस्ताव आल्यास विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्न विचारावेत : कामाचे तास कोणते? इंटरनेट, वीज आणि संगणकाचा खर्च कोणाचा? काम नाकारले गेल्यास त्याचा निकष काय आणि दाद कोणाकडे? भविष्य निर्वाह निधी व रजा आहेत काय? पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर बसविले जाणार काय? प्रशिक्षण व बढतीची पद्धत कोणती? उत्तरे लेखी मिळत नसतील तर सावध राहावे. नोंदणी शुल्क किंवा अनामत म्हणून आधी पैसे मागणाऱ्या 'घरबसल्या डेटा एंट्री'च्या जाहिराती हा तर उघड फसवणुकीचा प्रकार असतो, हेही स्पष्टपणे सांगावे.

तिसरे, जागेचा प्रश्न. घरात स्वतंत्र खोली नसलेल्या विद्यार्थिनींसाठी महाविद्यालयाचे ग्रंथालय किंवा संगणक कक्ष वर्ग सुटल्यानंतर काही तास उपलब्ध करून देता येईल. नाइल्स यांच्या प्रयोगातील घराजवळच्या उपकार्यालयाची कल्पना लहान शहरांतील शिक्षण संस्था अशा रीतीने थोड्या खर्चात प्रत्यक्षात आणू शकतात. ज्या पालकांना मुलीने दूरच्या शहरात नोकरीला जाणे मान्य नसते, त्यांना वस्तीजवळच्या परिचित संस्थेत बसून काम करणे मान्य होण्याची शक्यता अधिक असते. त्याचबरोबर घराबाहेर पडण्याची, सहकाऱ्यांना भेटण्याची संधीही टिकून राहते. शांघायच्या कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांना याच गोष्टीची उणीव भासली होती.

समारोप

घरून काम चांगले की वाईट, असा सरसकट प्रश्न विचारून फारसे हाती लागत नाही. लंडनच्या परिसरातील घरी बसलेली प्रोग्रामर, शांघायचा कॉल सेंटर कर्मचारी आणि निपाणीची विडी कामगार या तिघांचेही काम घरीच होत होते. तिघांच्या वाट्याला आलेले फळ मात्र सारखे नव्हते. प्रोग्रामरला कंपनीच्या मालकीत वाटा मिळाला, कॉल सेंटर कर्मचाऱ्याची कामगिरी वाढूनही बढती मागे पडली, तर विडी कामगाराला आपण कामगार आहोत एवढे सिद्ध होण्यासाठीच कायद्याची आणि न्यायालयाची वाट पाहावी लागली. हा फरक कंपनीने मोजमाप, माहिती, खर्च आणि प्रगती यांची व्यवस्था कशी केली यातून आला. या चार बाबींकडे पाहून एखाद्या कंपनीची पारख करण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर घरापर्यंत आलेल्या संधीचा स्वीकार ते डोळसपणे करू शकतील.